‘मशीनवर गेलं का माणूस संपते?’ आणि किडनीबद्दलची इतर पत्रं

संपादकांनी या अंकासाठी किडनीची सगळी पत्रं माझ्याकडे वळवली आहेत. मी अकोल्यात किडनीविकारांची डॉक्टर आहे, त्यामुळे उदाहरणं वऱ्हाडातली येतील. बाकीच्यांनी चालवून घ्यावं. नावं गाळली आहेत, लांब पत्रं आखूड केली आहेत. आणि एक विनंती: नुसत्या रिपोर्टचा फोटो पाठवून ‘काय करू?’ असं विचारू नका. माणसाचं वय, वजन, चालू असलेल्या गोळ्या आणि लघवीचा रिपोर्ट नसेल, तर त्या फोटोवरून मला काहीही सांगता येत नाही.

प्रश्न : आई ६८ वर्षांची, वजन ४४ किलो, बारा वर्षांपासून शुगर. क्रिएटिनीन १.४ आलं. लॅबच्या कागदावर ‘१.३ पर्यंत नॉर्मल’ असं छापलंय. आमचे डॉक्टर म्हणतात वयाच्या मानाने ठीक आहे, मामा म्हणतो किडनी गेली. कोणाचं ऐकायचं? (एक मुलगी, मूर्तिजापूर)

सध्या दोघांचंही नको. मामाला सांगा किडनी गेलेली नाही, आणि डॉक्टरांना पुढच्या खेपेला ईजीएफआर विचारा.

क्रिएटिनीन हा स्नायूंतून रोज तयार होणारा कचरा. किडनी तो बाहेर टाकते. म्हणजे रक्तात तो किती साठला हे किडनीवर अवलंबून, तसंच अंगात स्नायू किती त्यावरही. म्हणून नुसता आकडा फसवतो. हेच १.४ तीस वर्षांच्या पुरुषाचं असेल तर ईजीएफआर, म्हणजे किडनीची गाळण्याची क्षमता, साधारण ६९ येते. तो तालमीतला असेल तर मी त्याची फक्त लघवी तपासेन आणि घरी पाठवेन. तुमच्या आईच्या वयाला आणि बाईमाणसाला तेच सूत्र लावलं की उत्तर ४१ च्या आसपास येतं. ९० च्या वर चांगलं, ६० च्या खाली तीन महिन्यांपेक्षा जास्त राहिलं तर दीर्घकालीन किडनीविकार, १५ च्या खाली किडनी फेल्युअर. आई मधल्या टप्प्यात आहेत. शिवाय वजन ४४ किलो म्हणजे स्नायू कमीच, तेव्हा खरी क्षमता ४१ पेक्षाही थोडी कमी असू शकते.

आता तुमच्या पत्रात जे नाही त्याबद्दल. आईची लघवी तपासलीत का? बारा वर्षं शुगर आहे, तर आतापर्यंत दरवर्षी एसीआर व्हायला हवं होतं. ही लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी. ३० च्या आत असावं. ३०० च्या वर गेलं तर किडनीची चाळणी बरीच गळतेय असं समजायचं. काही शे रुपयांची ही तपासणी क्रिएटिनीनच्या कितीतरी वर्षं आधी बोलते, आणि माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या बहुतेकांच्या फायलीत ती नसते. शुगरची फाइल दोन किलोची असते, पायाचे एक्स-रे असतात, चष्म्याचे नंबर असतात, एसीआर नसतं. याची चीड येते, म्हणून जरा लांबण लावली.

एसीआर करा, सोनोग्राफी करा, बीपी १३०/८० च्या आत आणा. तीन महिन्यांनी क्रिएटिनीन पुन्हा. लघवीतून अल्ब्युमिन जात असेल तर टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिलसारखी बीपीची गोळी, आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन, हे आईंना द्यावं का ते डॉक्टरांना विचारा. या शुगरच्या गोळ्या किडनीचा ऱ्हास लांबवतात हे आता पक्कं झालंय, आणि पेटंट संपल्यापासून त्या स्वस्तही झाल्यात. सुरू केल्यावर क्रिएटिनीन थोडं वर सरकतं. १.४ चं १.६ झालं की घरचे घाबरून गोळी बंद करतात. बंद करू नका, डॉक्टरांना फोन करा. पोटॅशियम मात्र एक-दोन आठवड्यांत तपासून घ्या.

प्रश्न : रोज पाच लिटर पाणी प्यायलं तर किडनी धुऊन निघते का? (एक तरुण वाचक, पुणे)

नाही. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं शरीराला परत देतात. तुमच्या जादा तीन लिटरने तिथे काही धुतलं जात नाही, तुम्हाला रात्री उठावं लागतं एवढंच. मुतखडा होऊन गेला असेल तर मात्र भरपूर प्या, लघवी दिवसाला दोन लिटरच्या वर झाली पाहिजे. ज्यांच्या पायावर सूज आहे, हृदय कमजोर आहे, त्यांनी असला व्हॉट्सअ‍ॅपी सल्ला पाळला तर दम लागून ॲडमिट व्हायची वेळ येते.

प्रश्न : आमचं गाव खारपाणपट्ट्यात. दर गल्लीत एखादा किडनीचा पेशंट आहे. माझं वय ४१, क्रिएटिनीन २.१. शुगर नाही, बीपी नाही. पाण्यानेच झालं ना? आरओ लावलं तर उतरेल का? (शेतकरी, अकोला जिल्हा)

दादा, पूर्णेच्या खोऱ्यातलं हे खारं पाणी मी चाखलं आहे. अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांतल्या विहिरी अशा की पिकालाही पाणी द्यायची पंचाईत. लोकांचा राग समजतो. गोडं पाणी मिळणं हा तुमचा हक्क आहे, त्यासाठी भांडा. आरओचं पाणी प्या, पण त्याने वाढलेलं क्रिएटिनीन उतरत नाही.

तुमची किडनी पाण्यानेच गेली, असं लिहून देणं मात्र मला पटत नाही. आंध्रातलं उद्दानम, गोव्यातलं काणकोण, मध्य अमेरिकेत एल साल्वादोर आणि निकाराग्वामधले ऊसतोड मजूर, इथेही शुगर-बीपी नसलेल्या कष्टकरी माणसांच्या किडन्या जातात. उन्हातलं अंगमोडीचं काम, वारंवार पाणी कमी पडणं, कीटकनाशकं, पाण्यातले घटक, अशा सगळ्यांवर संशय आहे. एकच कारण असं अजून ठरलेलं नाही. तेव्हा ‘पाणी’ म्हणून फाइल बंद केली, तर जे दुरुस्त होण्यासारखं आहे तेही राहून जातं.

म्हणून मी विचारते ते ऐका. अंग दुखलं की काय घेता? आमच्या भागात फवारणीच्या, कापूस वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी ‘एक सुई मारून द्या’ ही रीत आहे. सुई बहुतेकदा डायक्लोफिनॅकची असते, गोळी अ‍ॅसिक्लोफिनॅक नाहीतर आयबुप्रोफेनची. किडनीत रक्त नेणारी बारीक नस उघडी ठेवायचं शरीराचं जे साधन आहे, तेच ही औषधं बंद पाडतात. मे महिन्यात ४५ अंशांत दिवसभर राबून अंगातलं पाणी आटलेलं, वर ही सुई, आणि सोबत बीपीची किंवा लघवीची गोळी चालू असेल, तर दोन दिवसांत किडनी बसू शकते. दुखलं तर पॅरासिटामॉल घ्या, तेही विचारून. दुकानातून पुडीत बांधून मिळणाऱ्या चार रंगांच्या गोळ्या तर नकोच. कसल्या आहेत ते देणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

दुसरं, सोनोग्राफी. मुतखडा किंवा म्हाताऱ्या माणसात प्रोस्टेट यांनी वाट अडली, तर किडनी मागे फुगत जाते आणि कित्येकदा अजिबात दुखत नाही. अडथळा काढला की क्रिएटिनीन उतरलेलं मी पाहिलं आहे. तुमची सोनोग्राफी झाल्याचं पत्रात नाही. आधी ती करा, लघवीचा रिपोर्ट करा, आणि मागचं एखादं क्रिएटिनीन कुठे सापडतंय का बघा. चार वर्षांपूर्वी १.९ असेल तर गोष्ट वेगळी, चार महिन्यांपूर्वी ०.९ असेल तर याच आठवड्यात या.

प्रश्न : मोठ्या भावाचं क्रिएटिनीन ८.२, ईजीएफआर ७. डॉक्टरांनी हातात फिस्टुला करायला सांगून सहा महिने झाले. घरी कोणी तयार नाही. आई म्हणते, मशीनवर गेलं का माणूस संपते. एकदा डायलिसिस लागलं की सुटत नाही, म्हणून काढा चालू केलाय. भावाला आता उलट्या होतात. (लहान भाऊ, तेल्हारा)

अंक हातात पडेपर्यंत थांबू नये म्हणून तुम्हाला फोनवर सांगितलंच आहे: आजच्या आज दवाखान्यात न्या. आता बाकीच्यांसाठी.

‘एकदा लागलं की सुटत नाही’ यात अर्धं खरं आहे. गॅस्ट्रो, सर्पदंश, मलेरिया, बाळंतपणातला रक्तस्राव, यांनी अचानक बंद पडलेली किडनी बऱ्याचदा परत चालू होते. अशा रुग्णाला काही दिवस किंवा काही आठवडे डायलिसिस लागतं आणि मग सुटतं. तुमच्या भावासारखी वर्षानुवर्षं झिजलेली किडनी परत येत नाही, म्हणून सुटत नाही. डायलिसिसमुळे किडनी जात नाही हो. गेल्यावर डायलिसिस येतं. लोकांनी पाहिलेला क्रम असा की, पाहुणा मशीनवर गेला आणि महिन्याभरात वारला. तो सहा महिने काढे पिऊन, फुप्फुसात पाणी भरल्यावर, पोटॅशियम सातवर गेल्यावर गेलेला असतो, हे कोणी सांगत नाही.

काढ्याचं विचारलंत म्हणून. त्यात काय आहे ते लिहून द्या म्हटलं, की देणारा गप्प बसतो. काही भस्मांत शिसं आणि पारा सापडलेला आहे, काही वनस्पतींत पोटॅशियम भरपूर. झिजलेल्या किडनीला दोन्ही झेपत नाही.

फिस्टुला म्हणजे मनगटाजवळ धमनी आणि शीर एकमेकींना जोडणं. तासा-दीड तासाचं ऑपरेशन, हात तेवढा बधिर करतात. धमनीचा जोर शिरेत गेला की ती हळूहळू जाड आणि रुंद होते, त्याला सहा ते आठ आठवडे लागतात. ही युक्ती न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९६६ मध्ये मांडली आणि आजही तिच्यापेक्षा बरं काही निघालेलं नाही. जोडावर बोटं ठेवली की मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागते. रोज सकाळी ती बघायची. थांबली तर त्याच दिवशी सर्जनकडे. त्या हातावर बीपी नाही, सुई नाही, रक्त काढणं नाही, पिशवीचे बंद अडकवणं नाही. आणि ज्यांचा ईजीएफआर वीसच्या खाली घसरत चाललाय, त्यांनी डाव्या हाताच्या शिरा (डावखुऱ्यांनी उजव्या) आतापासूनच जपायच्या. सलाइन लावायला आलेल्या सिस्टरला हाताच्या पाठीकडे बोट दाखवायचं.

सहा महिन्यांपूर्वी हे झालं असतं तर आज भावाच्या हातात तयार शीर असती. आता मानेत नळी घालावी लागेल. ती ताबडतोब वापरता येते, पण सरळ मोठ्या शिरेत जाते आणि तिच्यातून जंतू रक्तात शिरतात. थंडी वाजून ताप येणं हे तिचं नेहमीचं दुखणं. तेव्हा नळीवर डायलिसिस सुरू करा आणि त्याच आठवड्यात फिस्टुलाची तारीख घ्या. नळीवर बरं वाटायला लागलं की लोक फिस्टुला विसरतात.

मशीनबद्दलही सांगते, कारण ‘सगळं रक्त काढून घेतात’ ही भीती मी रोज ऐकते. एका वेळी शरीराबाहेर असतं ते साधारण एक ग्लासभर रक्त. ते नळीतून डायलायझरमध्ये जातं. आत केसांसारख्या पोकळ धाग्यांचा जुडगा. धाग्यांच्या आतून रक्त, बाहेरून उलट्या दिशेने औषधी पाणी. कचरा पाण्यात उतरतो, रक्त परत हातात. चार तासांत असं शंभर-सव्वाशे लिटर पाणी लागतं आणि ते चोख शुद्ध असावं लागतं. म्हणून सेंटर निवडताना एसी आहे का हे बघू नका, आरओ प्लांटचं पाणी कधी तपासलं ते विचारा. हे यंत्र पहिल्यांदा बनवलं ते विलेम कोल्फ या डच डॉक्टरने, १९४३ मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या कांपेन गावात: लाकडी पिंप आणि त्याभोवती सॉसेजच्या वेष्टनाची सेलोफेनची नळी गुंडाळलेली. त्याचे सुरुवातीचे बहुतेक रुग्ण वाचले नाहीत. १९४५ मध्ये बेशुद्धीतून परत आली ती ६७ वर्षांची एक बाई.

आईंना सांगा, माझ्याकडे डायलिसिसवर शाळा चालवणारे मास्तर आहेत, किराणा दुकान सांभाळणाऱ्या बाई आहेत. आठवड्यातून तीनदा यावं लागतं, चार-चार तास मोडतात, घरी गेल्यावर गळून जायला होतं. सोपं आहे असं मी म्हणणार नाही. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, जिल्हा रुग्णालयातही सोय आहे, एसटीत सवलत आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, गाठा.

प्रश्न : यजमान दोन वर्षं डायलिसिसवर. दोन खेपांच्या मध्ये चार किलो वजन वाढतं म्हणून सिस्टर ओरडतात. तहान आवरत नाही. शहाळं चालतं का? डाळ पूर्ण बंद केली आहे. (एक गृहिणी, सावंतवाडी)

ताई, तहानेचं मूळ पाण्यात शोधू नका, मिठात शोधा. लोणचं, पापड, सुकी मासळी, फरसाण बंद केलं की आठवड्याभरात तहान आपोआप उतरते. वाढलेलं एक किलो म्हणजे एक लिटर पाणी. यजमान पन्नास किलोचे असतील तर चार तासांत सुखाने निघतं ते दोन-अडीच लिटर. चार ओढून काढले की बीपी पडतं, पायात गोळे येतात, हृदयालाही मार बसतो. सिस्टरचं ओरडणं त्यासाठी आहे.

शहाळं नको. एका शहाळ्यात दीड-दोन केळ्यांइतकं पोटॅशियम असतं आणि वाढलेलं पोटॅशियम न सांगता हृदय थांबवतं. बटाटा, सुरण सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकडून ते पाणी फेकून द्या, मग भाजी करा. ‘लो सोडियम’ म्हणून मिळणारं मीठ तर घरातच आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं.

आणि तुम्ही कोकणातल्या म्हणून मुद्दाम: कमरख, ज्याला तुमच्याकडे करमल म्हणतात, ते एक फळसुद्धा नको. डायलिसिसच्या रुग्णाला त्याने न थांबणारी उचकी लागते, भ्रम होतो, झटके येतात, जीवही गेलेला आहे. बिमलांचा (कमरखाच्याच जातीतलं आंबट फळ) रस कोलेस्टेरॉलवर म्हणून पितात, त्याने तर धडधाकट माणसांच्या किडन्या बंद पडल्याचं केरळातल्या डॉक्टरांनी नोंदवलं आहे.

डाळ मात्र परत सुरू करा. प्रथिनं कमी करायचं पथ्य डायलिसिसच्या आधीचं होतं. आता प्रत्येक खेपेला मशीनमधून थोडी प्रथिनं वाहून जातात, म्हणून वजनाच्या किलोमागे रोज एक ग्रॅमच्या वर हवीत. अंड्याचा पांढरा भाग, ताजी मासळी, चिकन, रोज वाटीभर घट्ट वरण. दोन वर्षांत त्यांच्या दंडाचे स्नायू किती उतरलेत ते बघा, म्हणजे कळेल.

प्रश्न : मला नवऱ्याला किडनी द्यायची आहे. माझा गट बी, त्यांचा ए. डॉक्टर म्हणाले जुळत नाही. मग रस्ता बंद का? (वय ३४, नागपूर)

बंद नाही. तुमच्यासारखंच एखादं जोडपं, जिथे नवरा बी आणि बायको ए, सापडलं तर अदलाबदल करता येते. २०११ च्या दुरुस्तीपासून कायद्याने याला मुभा आहे, दोन्ही दाते आपापल्या रुग्णाचे जवळचे नातेवाईक हवेत एवढंच. गट जुळत नसतानाही प्रत्यारोपण होतं, पण खर्च आणि जंतुसंसर्गाची भीती दोन्ही वाढतात. मेंदूमृत दात्याच्या यादीसाठी हॉस्पिटलमार्फत नागपूरच्या झेडटीसीसीकडे (विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे) नाव आजच घाला. बाकीचं चालू असताना यादीतला नंबर पुढे सरकू द्या.

तुमच्या लांबलचक पत्रात यजमानांच्या दोन भावांचा उल्लेख दिवाळीच्या संदर्भात आहे, किडनीच्या नाही. त्यांचा रक्तगट कोणी विचारला का? आपल्याकडे जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायकाच जास्त, घेणाऱ्यांत पुरुष. आई, बायको, बहीण यांचं नाव आधी घेतलं जातं आणि भावाचा विषय कोणी काढत नाही. तुम्ही जरूर द्या, निरोगी दात्याची उरलेली किडनी वाढून काम सांभाळते आणि एकूण क्षमता पूर्वीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास स्थिरावते. पण तुमची शुगर, बीपी, लघवी काटेकोर तपासली गेली पाहिजे, बाळंतपणात शुगर वाढली होती का हेही सांगा. आणि दोन्ही दीरांना रक्तगट तपासायला सांगा. त्याला ऑपरेशन लागत नाही.

प्रश्न : वडील ८४ वर्षांचे, हृदय कमजोर, ईजीएफआर ९. एक भाऊ म्हणतो डायलिसिस करूच, दुसरा म्हणतो हाल नको. डॉक्टर आम्हालाच ठरवायला सांगतात. (चिखली)

या वयात, हृदय असं असताना, डायलिसिसने आयुष्य फार वाढेलच असं नसतं. वाढलेल्या दिवसांतले बरेचसे जाण्यायेण्यात आणि ॲडमिट होण्यात जातात. डायलिसिस न करणं म्हणजे उपचार सोडणं नव्हे. सुजेसाठी लघवीची औषधं, रक्त वाढवायला एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन, खाज, मळमळ, दम यांवर औषधं, हे सगळं शेवटपर्यंत करता येतं आणि करायचं असतं. उलट एखाद्याला वाटलं की महिनाभर डायलिसिस करून बघू, तर तेही करता येतं, आणि नको झालं तर थांबवता येतं.

भावाभावांनी काय ठरवलं ते तुम्ही दोन पानांत लिहिलंय. वडील काय म्हणतात याची त्यात एक ओळ नाही. त्यांना ऐकू येतं, समजतं, पेपर वाचतात असं तुम्हीच लिहिलंय. पुढच्या तपासणीला त्यांना डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत बसवा आणि तुम्ही दोघं अर्धा तास बाहेर थांबा.